तिथीला दहा माणसे : प्रस्तावना

ज्यू घरातली पुण्यतिथी सूर्य मावळताना सुरू होते. त्यांचा वारच संध्याकाळी लागतो, म्हणून आईची किंवा वडिलांची तिथी उद्या असेल तर दिवा आज तिन्हीसांजेला लावायचा. काचेच्या पेल्यात ओतलेले मेण, मधोमध वात, आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तानंतरही थोडा वेळ पुरेल एवढे इंधन. हा दिवा लावताना म्हणायचा ठराविक मंत्र नाही. पुष्कळ जण गप्प राहूनच काडी ओढतात. दिवा रात्रभर तेवतो, कोणी फुंकून विझवत नाही, मेण संपले की आपणच शांत होतो. अमेरिकेत जाऊन राहिलेल्या जुन्या पिढीच्या घरांत तो रिकामा पेला घासूनपुसून पाणी किंवा फळांचा रस प्यायला घेत. गेलेल्या माणसाच्या दिव्याचा पेला रोजच्या न्याहारीला टेबलावर येई आणि त्यात कुणाला काही अशुभ वाटत नसे.

मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू, म्हणजे अश्कनाझी, या दिवसाला यार्त्साइट म्हणतात. शब्द मूळचा जर्मन. मध्ययुगात जर्मनीतले ख्रिस्ती लोकही मृतासाठी दरवर्षी होणाऱ्या प्रार्थनेला हेच नाव देत, आणि तो शब्द ज्यूंनी शेजारातूनच उचलला असे अभ्यासक मानतात. मात्र वडिलांच्या मृत्यूचा दिवस पाळण्याची चाल त्याहून फार जुनी आहे. बापाच्या तिथीला मांस खाणार नाही, द्राक्षासव पिणार नाही, असे ठरवणाऱ्या माणसाचा उल्लेख तालमुद या प्राचीन धर्मग्रंथातच येतो. थोर गुरूंच्या तिथीला शिष्य त्यांच्या कबरीपाशी जमत, हेही बॅबिलोनमधल्या धर्मपंडितांच्या पत्रव्यवहारावरून कळते. ऱ्हाइन नदीकाठच्या गावांनी हा मान थोरांपुरता न ठेवता प्रत्येकाच्या आईबापांना दिला. माझ्या दृष्टीने या परंपरेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे.

तिथी कशी धरायची, हे मराठी वाचकाला समजावायला फार कष्ट पडू नयेत. ज्यूंचे महिने चांद्र आणि सण ऋतूंना बांधलेले, त्यामुळे त्यांनाही अधिक महिना घ्यावा लागतो. एकोणीस वर्षांच्या चक्रात सात वेळा तो येतो. फरक एवढाच की आपला अधिक मास सूर्याच्या संक्रांतीनुसार वेगवेगळ्या महिन्यांना चिकटतो, त्यांच्या अधिक महिन्याची जागा मात्र ठरलेली आहे. वाढीव महिना आला की दोन अदार होतात, पहिला आणि दुसरा. मग प्रश्न उभा राहतो, की साध्या वर्षी अदार महिन्यात गेलेल्या माणसाची तिथी अधिक वर्षी कोणत्या अदारात करायची? सोळाव्या शतकात साफेदचे धर्मपंडित योसेफ कारो यांनी दुसरा अदार सांगितला. क्राकूव्हच्या मोझेस इस्सर्लेसांनी पहिला सांगितला, आणि दोन्ही महिन्यांत तिथी पाळणाऱ्यांचीही नोंद घेतली. आजही सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंची घरे कारोंच्या मागे आणि अश्कनाझी घरे इस्सर्लेसांच्या मागे चालतात. परंपरेप्रमाणे मोशेचा मृत्यू अदारच्या सप्तमीला झाला. मृताला स्नान घालणे, कफन चढवणे ही कामे करणारी गावोगावची मंडळे तो दिवस आपला वार्षिक दिवस म्हणून पाळतात. दिवसभर उपास करायचा आणि रात्री एकत्र जेवायचे.

दिवस सूर्यास्ताला बदलतो याला किती महत्त्व आहे, ते इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्या तिथीवरून दिसते. ४ नोव्हेंबर १९९५ ला, शनिवारी रात्री, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या दिवशी दुपारपर्यंत हेश्वान महिन्याची ११ तारीख होती. सूर्य मावळला आणि १२ लागली. त्यामुळे त्यांचा स्मृतिदिन हेश्वानच्या १२ तारखेला होतो. दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये मारले गेलेले गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग यांना मुंबई २६ नोव्हेंबरला आठवते. त्यांच्या पंथाचे लोक मात्र किस्लेव्ह महिन्याच्या प्रतिपदेला त्यांचा दिवा लावतात. २००८ साली ती २८ नोव्हेंबरला होती. पुढच्या वर्षी ती १८ नोव्हेंबरला आली, त्याच्या पुढच्या वर्षी ८ नोव्हेंबरला, आणि २०११ मध्ये एकदम २७ नोव्हेंबरवर गेली, कारण मध्ये अधिक महिना पडला होता. शहराची तारीख आणि कुटुंबाची तिथी अशा वेगळ्या वाटांनी जातात, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

दिवा घरात लावता येतो. कद्दिश मात्र घरात एकट्याने म्हणता येत नाही. हे पुस्तक खरे तर या एका नियमाभोवती फिरते, म्हणून येथे जरा रेंगाळतो.

कद्दिश ही मुख्यतः अरामी भाषेतली छोटी प्रार्थना आहे. तीत मृत्यूचा उल्लेख नाही. गेलेल्याचे नाव नाही, त्याच्या आत्म्याविषयी काही नाही. परमेश्वराच्या नावाची थोरवी, त्याचे राज्य लवकर येवो ही इच्छा आणि शेवटी शांतीची मागणी, एवढेच. ज्याच्या घरात माती झाली त्याने उभे राहायचे आणि ही स्तुती मोठ्याने म्हणायची. ती ऐकायला आणि मधून मधून ‘आमेन’ म्हणायला किमान दहा माणसे समोर हवीत. या दहांच्या गणसंख्येला मिन्यान म्हणतात. परंपरेने ते दहा म्हणजे तेरा वर्षांवरील पुरुष. सुधारणावादी आणि अनेक मध्यममार्गी सिनेगॉगांत आता स्त्रियाही मोजल्या जातात. नऊ जण जमले तर कद्दिश होत नाही. म्हणून सिनेगॉगच्या दारात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्या ज्यू माणसाला ‘जरा आत या, एक जण कमी आहे’ असे विनवण्याची पद्धत जगभर आहे. ज्याला मेलेल्याचे नावही ठाऊक नाही असा परका माणूस दहा मिनिटे थांबतो आणि आमेन म्हणून आपल्या कामाला निघून जातो.

शोक ही ज्याची त्याची खासगी बाब आहे असे आज सगळीकडे ऐकू येते. ते मला कधीच पटलेले नाही. ज्यू परंपरा शोक करणाऱ्याला कोंडून घेऊ देत नाही. पहिले सात दिवस लोक त्याच्या घरी येतात, तो जमिनीलगतच्या बुटक्या आसनावर बसतो, आलेले लोक तो बोलेपर्यंत बोलत नाहीत. त्यानंतर मात्र त्याने उठून लोकांत जायचे असते. तीस दिवसांनी एक टप्पा संपतो. आईबाप गेले असतील तर सुतकाचे नियम बारा महिने चालतात, पण कद्दिश अकरा महिनेच म्हणतात. त्याचे कारण फार नाजूक आहे. दुष्टांचा परलोकातला न्याय बारा महिने चालतो असे मिश्ना या जुन्या धर्मसंहितेत सांगितले आहे. आपल्या आईबापांना पूर्ण शिक्षा भोगावी लागली असे मुलाने सुचवू नये, म्हणून एक महिना आधी थांबायचे. अकरा महिने रोज सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या मुलाला तिथली माणसे ओळखू लागतात. शोक संपेपर्यंत त्याचे मित्रमंडळ झालेले असते. हा लाभ कुठल्याही धर्मग्रंथात लिहिलेला नाही, पण कद्दिश म्हणणाऱ्यांच्या आठवणींत तो सतत भेटतो.

मुलानेच हे का म्हणायचे, याची एक कथा मध्ययुगापासून सांगितली जाते. रब्बी अकिवांना वाटेत एक काळाठिक्कर, नागवा माणूस डोक्यावर लाकडांचा प्रचंड भार घेऊन धावताना दिसला. विचारल्यावर तो म्हणाला, ‘मी मेलेला आहे. जिवंतपणी मी कर वसूल करीत असे. श्रीमंतांना सोडले आणि गरिबांना नाडले. आता रोज लाकडे गोळा करतो आणि त्याच लाकडांत मला जाळतात.’ सुटकेचा एकच मार्ग त्याच्या कानावर आला होता. मागे राहिलेल्या त्याच्या बायकोला मुलगा झालेला असेल आणि तो लोकांत उभा राहून देवाची स्तुती करील, लोक त्याला प्रतिसाद देतील, तरच. अकिवांनी तो मुलगा शोधून काढला. गावाने त्याला काही शिकवले नव्हते. अकिवांनी त्याला अक्षरे शिकवली आणि समुदायासमोर उभे केले. बाप सुटला. तेराव्या शतकात व्हिएन्नाच्या आयझॅक बेन मोझेस यांनी आपल्या ‘ओर झारुआ’ या ग्रंथात अनाथांच्या कद्दिशचे समर्थन करताना ही कथा घेतली आहे. पापी बापाचे भवितव्य त्याच्या मुलाला शिकवणाऱ्या परक्या गुरूवर आणि आमेन म्हणणाऱ्या गावावर टांगलेले आहे. बापाला सोडवणारे हात तीन आहेत, आणि मुलाचा हात त्यांतला एकच.

तरीही घराघरांत या कथेचा अर्थ ‘मुलगा हवा’ असाच घेतला गेला. यिद्दिशमध्ये बाप आपल्या मुलाला लाडाने ‘माझा कद्दिश’ म्हणे. पिंडदानासाठी पुत्र हवा, या समजुतीचे ओझे आपल्याकडच्या लेकींनी किती वाहिले ते वाचकाला माहीत आहे. ज्यू लेकींनीही ते वाहिले, आणि त्यांच्यातल्या एकीने दिलेले उत्तर इतिहासात राहिले. हेन्रिएटा झोल्ड ही बाल्टिमोरच्या रब्बींची थोरली कन्या. हदासा ही स्त्रियांची संघटना तिने १९१२ मध्ये उभी केली. घरात सगळ्या मुलीच, भाऊ नाही. १९१६ मध्ये आई वारली तेव्हा एका कुटुंबस्नेह्याने, हायिम पेरेत्झ यांनी, तिच्या वतीने कद्दिश म्हणण्याची तयारी दाखवली. तिने मनापासून आभार मानले आणि नकार दिला. तिचे म्हणणे असे, की कद्दिश म्हणजे आईबापांचे समुदायाशी असलेले नाते पुढे आपण चालवू, हे वारसाने सर्वांसमोर सांगणे. हे दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. मुली असलेल्या घरात ते मुलींनी करायचे, आणि मुलगा नाही याची खंत तिच्या आईबापांनी कधी केली नव्हती. ते पत्र आज शंभर वर्षांनंतरही कद्दिश म्हणणाऱ्या स्त्रिया एकमेकींना वाचून दाखवतात.

इतर रीती येथे थोडक्यात सांगतो, पुढे त्यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. तिथीला कबरीवर जातात, फुले वाहत नाहीत, लहानसा दगड ठेवून येतात. पूर्वी तिथीचा उपास असे. पोलंड-युक्रेनकडच्या हसिदी पंथाने तो मोडून काढला. गुरूच्या तिथीला त्याचा आत्मा एक पायरी वर चढतो, मग रडायचे कशाला, असे म्हणून ते मद्याचा घोट घेतात आणि केक वाटतात. लिझेन्स्कचे रब्बी एलिमेलेख यांच्या तिथीला, अदारच्या २१ तारखेला, पोलंडमधल्या त्या गावात आजही हजारो लोक जमतात, आणि गावात राहणारा ज्यू समाज मात्र उरलेला नाही. ऑटोमन साम्राज्यातल्या सेफार्दी ज्यूंमध्ये, म्हणजे इस्तंबूल, इझमीर, सालोनिका येथे, तिथीच्या संध्याकाळी नातेवाईक घरी जमत, धर्मग्रंथ वाचत, मग उकडलेली अंडी, मनुका आणि राकी अशी पाने मांडली जात. त्या वाचनालाच ते मेल्दादो म्हणत. शिवाय अश्कनाझींच्या सिनेगॉगमध्ये वर्षातून चार सणांना यिझकोर होते, सर्व मृतांचे एकत्र स्मरण. त्या वेळी ज्यांचे आईबाप हयात आहेत ते उठून बाहेर जातात. मुले-तरुण अंगणात घोळका करून उभे राहतात आणि आत फक्त पोरके झालेले उरतात. ज्या वर्षी आपण बाहेर न जाता पहिल्यांदा आत थांबतो, ते वर्ष कुणी विसरत नाही.

यिझकोरची मुळे रक्तातली आहेत. १०९६ च्या वसंतात पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी वर्म्स आणि माइन्झ येथल्या ज्यू वस्त्या कापून काढल्या. वाचलेल्यांनी मेलेल्यांच्या नावांच्या याद्या केल्या आणि त्या सिनेगॉगमध्ये वाचू लागले. न्यूरेंबर्गची स्मरणवही १२९६ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यातल्या हुतात्म्यांच्या याद्या १०९६ पासूनच्या आहेत. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची नावे तोवर कुणीतरी जपून ठेवली होती. माणसे मारली गेली तर नावे लिहायची, ही सवय या समाजाला तेव्हापासून लागली.

विसाव्या शतकात ती सवयही अपुरी पडली. तिथीसाठी मृत्यूचा दिवस माहीत हवा, कबर हवी, मागे मुलगा किंवा मुलगी हवी, आणि दहा माणसे हवीत. नाझींनी ही चारही नष्ट केली. सालोनिकाचे जुने ज्यू दफनस्थान, ज्यात तीन लाखांहून अधिक कबरी होत्या असे मानतात, डिसेंबर १९४२ मध्ये उखडले गेले आणि तिथले संगमरवर बांधकामांना वापरले गेले. आज त्या जागेवर विद्यापीठ आहे. १९४३ च्या मार्चपासून त्या शहरातले ज्यू आगगाड्यांनी आउश्वित्झला नेले गेले. जिथे मेल्दादो वाचले जात होते त्या घरांतून वाचणारेही गेले आणि ज्यांच्यासाठी वाचायचे तेही.

तिथी माहीत नसलेल्यांचे काय करायचे? सर्वपित्री अमावास्येची सोय ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला हा प्रश्न लगेच भिडेल. इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळाने तेवेत महिन्याची १० तारीख नेमून दिली. नबुखद्नेस्सरने जेरुसलेमला वेढा घातला तो हा दिवस, त्याचा उपास पूर्वीपासून होताच. आता मृत्यूचा दिवस न कळलेल्या सर्वांचे कद्दिश त्या दिवशी म्हणतात. कित्येक कुटुंबांनी मात्र स्वतःचा दिवस निवडला. कुणी गाडी छळछावणीला पोचल्याचा, कुणी गावातली वस्ती रिकामी केल्याचा, कुणी शेवटचे पत्र आल्याचा. एकाच गावाहून वाचलेली माणसे तेल अवीव किंवा न्यूयॉर्कला दरवर्षी त्या दिवशी जमू लागली. त्यांनी आपल्या गावांची स्मरणपुस्तके लिहिली. अशी शेकडो पुस्तके आहेत, बहुतेक हिब्रू आणि यिद्दिशमध्ये. त्यांत गावाचा नकाशा, शाळा, पाववाला, पाणक्या, आणि शेवटी नावांची यादी. जेरुसलेमच्या याद वाशेम येथे एकेका मृतासाठी एकेक साक्षपत्र भरून घेतले जाते. तिथे आजवर सुमारे पन्नास लाख नावे गोळा झाली आहेत. साठ लाखांपैकी उरलेल्यांची नावे मिळवण्याचे काम चालू आहे.

आता मराठी ज्यूंविषयी. बेने इस्रायल समाजाची कुळकथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना गावकऱ्यांच्या साक्षीने तिथेच पुरले. त्या जागी आज स्मारक आहे. त्या पहिल्या मृतांपैकी एकाचेही नाव किंवा तिथी कुणाला माहीत नाही. पुढे कित्येक पिढ्या या लोकांजवळ हिब्रू पोथ्या नव्हत्या. घाणा चालवायचा, शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. ‘शेमा’ ही एकच प्रार्थना त्यांच्या ओठांवर टिकली होती, आणि जन्म, लग्न, मरण, सगळ्या प्रसंगी ते तीच म्हणत. समुदायाने एकत्र येऊन मृताला निरोप देण्याची रीत कद्दिशच्या पोथीशिवायही जिवंत राहू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकेल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, लोक त्याला जुनी मशीद म्हणत. तेव्हापासून सेफार्दी पद्धतीच्या प्रार्थना, कद्दिश आणि मृतांसाठीची हश्काबा त्यांच्याकडे नियमाने होऊ लागली. रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, अष्टमकर अशी त्यांची आडनावे आहेत. गाव सुटले तरी नावातून सुटले नाही.

१९४८ नंतर यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा या गावांत आज मराठी बोलणारी ज्यू घरे आहेत, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तिथून चालवले. रायगड जिल्ह्यातल्या अनेक सिनेगॉगांत आता दहा माणसे जमवणे कठीण जाते. गावाबाहेरच्या दफनभूमी मात्र जागच्या जागी आहेत. काहींवर रान माजले आहे, काहींचे दगड जमिनीत खचले आहेत. त्या दगडांवर हिब्रूच्या जोडीला मराठी मजकूर आहे, आपल्या आजोबा-पणजोबांच्या वळणाच्या अक्षरांत.

म्हणून वाचकांना एक विनंती करतो. तुमच्या गावात किंवा आजोळी अशी दफनभूमी असेल तर एकदा जाऊन तिथली नावे आणि तारखा उतरवून घ्या, दगडांची छायाचित्रे काढा. दगड हलवू नका, कुणी कुंपणाला वापरत असेल तर त्याला समजावून सांगा. गावातल्या वृद्धांना ज्यू शेजारी आठवत असतील तर ते कोणत्या आळीत राहत, काय करत, कोण केव्हा वारले, हे विचारून लिहा. इंग्रजी तारीख मिळाली तरी तिच्यावरून हिब्रू तिथी काढता येते. ही टिपणे जवळच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांकडे द्या. अलिबाग, पनवेल, मुंबई आणि पुणे येथे त्यांचे दार आजही ठोठावता येते.